घाट उतरणारी पद्मिनी

मुंबईहून पुण्याला आगगाडीने गेला असाल, तर कर्जत स्टेशन तुमच्या लक्षात असेलच. खिडकीतून बटाटेवड्याचा वास आत येतो, आणि वडा तोंडात असतानाच गाडीला मागून बारीकसा धक्का बसतो. हा धक्का बँकरचा, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या जादा इंजिनांचा. इथून वर बोरघाटात रूळ १८३१ फूट, म्हणजे साधारण साडेपाचशे मीटर चढतात. १८६३ साली हा लोहमार्ग सुरू झाला, तेव्हापासून सगळे त्या चढणीचं कौतुक करतात. पण खरी परीक्षा असते ती उतरताना!

उतारावर रुळांना मध्येच एक फाटा काढलेला असतो. तो वर चढत जातो आणि संपतो. त्याला म्हणतात कॅच सायडिंग. सांधा एरवी त्या फाट्याकडेच वळवून ठेवतात. उतरणारी गाडी अलीकडे नीट थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत अशी खात्री पटली, की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक गेलेली गाडी फाट्यावर चढते आणि चढावामुळे थांबते. आहे की नाही युक्ती?

आमच्या काकांच्या मोटारीसाठी मात्र असा फाटा कोणी काढून ठेवला नव्हता.

काका राहतात खोपोलीला, खालापूर तालुक्यात. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत लोकल जिथे संपते, तेच हे गाव. त्यांच्याकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तुमच्या आईबाबांना विचारा, ते लगेच हसतील! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. मूळची इटलीची फियाट ११००, पण आपल्याकडे ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १९७४ साली तिचं नाव पद्मिनी झालं. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. काकांची मात्र अजून धावते.

गेल्या मे महिन्यात आम्ही लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने खाली येत होतो. गाडीत पाच माणसं, डिकीत आंब्याची पेटी. गप्पा रंगलेल्या, आणि काकांचा पाय सारखा ब्रेकवर. शिंग्रोबाच्या देवळाच्या आधीच करपल्यासारखा वास यायला लागला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणावर काकांनी ब्रेक दाबला आणि पेडल खाली, खाली, खालीच गेलं. गाडीचा वेग काही कमी होईना. काकू एकदम गप्प झाल्या. काकांनी स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर दुसऱ्यात खेचला, मग पहिल्यात. इंजिन गुरगुरलं, गाडी अंग आखडल्यासारखी हळू झाली आणि कडेच्या मोकळ्या जागेत थांबली. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर येत होता.

मी पाण्याची बाटली घेऊन धावलो, तर काका ओरडले, "पाणी नको! बिडाचा ड्रम आहे, तडकेल." तासभर आम्ही तसेच दगडावर बसून राहिलो. आंबे खाल्ले, पण चव काही लागली नाही.

झालं काय होतं? तळहात जोरात एकमेकांवर घासून बघा. गरम झाले ना? ब्रेकसुद्धा गाडीचा वेग घासून घासून उष्णतेत बदलतो. माणसांसकट बाराशे किलोची गाडी साडेपाचशे मीटर खाली आली आणि सगळा भार ब्रेकवरच टाकला, तर वीस लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. ती जाणार कुठे?

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. आत दोन अर्धगोल शू असतात, त्यांवर लायनर. ब्रेक दाबला की शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि डब्याला आतून घासतात. उष्णता डब्यातच कोंडते. ड्रम तापून फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो. म्हणून पेडल खाली गेलं. शिवाय फार तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. गार झाल्यावर ब्रेक पुन्हा लागतात, पण वळण काही तोवर थांबत नाही.

आता तुमच्या सायकलकडे बघा. तिचे रबरी ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात. डिस्क ब्रेक तसाच! चाकाबरोबर एक उघडी तबकडी फिरते आणि कॅलिपर नावाचा चिमटा तिला दोन पॅडमध्ये पकडतो. तबकडी वाऱ्यावर असते, लवकर निवते. तापली तर फुगून पॅडच्या जवळच येते. पावसाचं पाणीही झटकून टाकते. गंमत म्हणजे दोघांचं जन्मसाल एकच, १९०२. फ्रान्समध्ये लुई रेनोंनी ड्रम आणला आणि इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरनी डिस्कचं पेटंट घेतलं. पण डिस्कचा बोलबाला व्हायला १९५३ साल उजाडलं. फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्क लावलेल्या जॅग्वारने जिंकली. इटलीतल्या फियाट ११००लाही १९६६ साली पुढे डिस्क आल्या. कुर्ल्यातली तिची बहीण ड्रमवरच राहिली.

काकांनी डिस्क लावायचं ठरवलं. घरात वाद झाला. चुलतभाऊ म्हणाला, "मग ती जुनी गाडी कसली?" काकू एवढंच म्हणाल्या, "मी त्या दगडावर पुन्हा बसणार नाही."

खोपोलीच्या एका मेस्त्रींनी काम घेतलं. मला वाटलं, ड्रम काढा, तबकडी लावा, झालं. कसलं काय! दुसऱ्या गाडीची डिस्क आणली, ती हबवर बसावी म्हणून लेथवर काम केलं. कॅलिपरसाठी जाड पत्र्याचं ब्रॅकेट बनवलं. चाक चढवून हाताने फिरवून पाहिलं, कॅलिपर रिमला घासत तर नाही ना? मग मास्टर सिलिंडर. जुन्या सिलिंडरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह होता. ब्रेकवरून पाय काढला तरी तो नळीत थोडा दाब धरून ठेवतो. ड्रमला ते चालतं, कारण शू मागे ओढायला स्प्रिंगा असतात. डिस्कला मात्र पॅड सारखे घासत राहतात. म्हणून सिलिंडर बदलला.

आणखी एक भानगड होती. ड्रमचा शू फिरत्या डब्याबरोबर स्वतःच ओढला जातो आणि पायाला मदत करतो. डिस्क अशी मदत करत नाही. म्हणून बूस्टर लावला. तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. म्हणजे इंधन वाचवायला इंजिन बंद करून उतरलात, तर थोड्याच वेळात पेडल दगडासारखं होणार! मागच्या चाकांचे ड्रम तसेच ठेवले. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो (बसमध्ये तुम्ही झुकता तसाच), म्हणून जास्त काम पुढच्याच ब्रेकना असतं. शेवटी नवं ब्रेक ऑइल भरलं, नळ्यांतली हवा काढली. पेडल मारायचं काम माझ्याकडे होतं. "दाब... सोड... दाब..." पाय भरून आला!

दिवाळीत पुन्हा घाट उतरलो. वर खंडाळ्यालाच काकांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. मी म्हटलं, "आता डिस्क आहेत ना?"

"डिस्कसुद्धा तापतात रे," काका म्हणाले.

करपट वास आला नाही. शिंग्रोबापाशी गाडी थांबली. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, असं सांगतात. काकूंनी तिथे नाणं ठेवलं. त्या मे महिन्यातल्या दगडाकडे कोणीच पाहिलं नाही.

मूळचे दोन ड्रम काकांनी ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत. चुलतभावाने त्यावर खडूने लिहिलंय : 'पद्मिनीचे. भंगारात देऊ नये.'