रडला म्हणून खरा?

पुणे

ती. दादास,


पत्र मिळालं. पहिलं पान वहिनीच्या गुडघ्याचं आणि उरलेलं सगळं दक्षिण आफ्रिकेच्या त्या क्रिकेट कप्तानाचं, हॅन्सी क्रोनिएचं, म्हणजे घरी सगळं ठीक आहे असं मी धरून चालते. तुझा मुद्दा नेहमीसारखाच ठणकावून मांडला आहेस: सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचं माणूस कमिशनपुढे कबूल झाला, रडला, जन्माची बंदी भोगली आणि बत्तिसाव्या वर्षी विमान अपघातात गेला. आता लोकांना आणखी काय हवं आहे? हे फोनवर बोललो असतो तर तू आवाज चढवला असतास आणि मी फोन ठेवून दिला असता. म्हणून लिहिते.

तो रडला ते नाटक होतं असं मला वाटत नाही. जून २००० मध्ये केपटाऊनला न्यायमूर्ती एडविन किंग यांच्या आयोगापुढची उलटतपासणी संपल्यावर त्याला आधार देऊन बाहेर न्यावं लागलं होतं. तसं कोसळणं ठरवून होत नाही. पण दादा, इतकी वर्षं कोर्टात स्टेनो म्हणून बसल्यावर एक गोष्ट माझ्या अंगवळणी पडली आहे. साक्षीदार रडला तर मी कागदावर काहीच उतरवत नसे. फार तर साहेब सांगत, ‘पाच मिनिटं थांबू, पाणी द्या.’ उतरवायचं ते तो काय म्हणाला आणि कधी म्हणाला. रडणारे खोटं बोलताना मी पाहिले आहेत, कोरड्या डोळ्यांनी खरं सांगणारेही पाहिले आहेत. हॅन्सीच्या बाबतीतही म्हणून मी चेहरा सोडते आणि तारखा धरते.

७ एप्रिल २००० ला दिल्ली पोलिसांनी सांगितलं की क्रोनिए आणि लंडनचा बुकी संजय चावला यांचं फोनवरचं बोलणं त्यांच्याकडे टेपवर आहे. तेव्हा निम्म्या जगाने पोलिसांनाच वेड्यात काढलं होतं आणि त्यात तूही होतास. ९ एप्रिलला हॅन्सीने पत्रकार परिषदेत सगळं साफ नाकारलं. ११ एप्रिलला पहाटे तीनच्या सुमारास त्याने तिथल्या क्रिकेट बोर्डाच्या अली बाकरना फोन करून सांगितलं की आपण पूर्णपणे प्रामाणिक राहिलो नाही. तरी त्या दिवशी त्याने कबूल केलं ते एवढंच की सामन्यांबद्दल अंदाज सांगायला थोडे पैसे घेतले, सामना मात्र विकला नाही. पुढचे दोन महिने कबुली इथेच थांबली.

मग आयोग बसला. ८ जूनला त्याच्याच संघातल्या हर्शेल गिब्जने साक्षीत सांगितलं की नागपूरच्या सामन्याआधी कप्तानाने आपल्याला पंधरा हजार डॉलर देऊ केले होते, वीसच्या आत बाद व्हायचं होतं आणि आपण हो म्हणालो होतो. संघातला गोलंदाज हेन्री विल्यम्स यालाही तेवढेच पैसे देऊ केले होते आणि त्याने दहा षटकांत पन्नासच्या वर धावा द्यायच्या होत्या. हे सगळं गिब्ज बोलून गेल्यानंतर, १५ जूनला, कप्तान बोलला.

तो सामना तू सिव्हिल लाइन्सच्या मैदानात बसून पाहिलास, तेव्हा तुला मी काय सांगणार! १९ मार्च २००० ला ठरलेलं काहीच घडलं नाही. संघाने २७० च्या आत राहायचं होतं, झाल्या ३२०. गिब्जने ५३ चेंडूंत ७४ मारल्या. विल्यम्सचा खांदा दुखावला आणि त्याला अकरा चेंडूंनंतर थांबावं लागलं. तू म्हणतोस की प्रत्यक्षात काही झालंच नाही, मग नुकसान कुणाचं? नुकसान त्या दोघांचं. त्या सामन्यासाठी कप्तानाने पैसे देऊ केले ते संघातल्या बड्या गोऱ्या खेळाडूंना नव्हे. वर्णद्वेषाच्या राजवटीत ज्यांच्या कागदावर ‘कलर्ड’ असा शिक्का बसला असता, त्या दोघांना त्याने हेरलं. त्यातल्या विल्यम्सचं संघातलं स्थानही धड पक्कं नव्हतं. कप्तानाला नाही म्हणणं त्यांना किती जड गेलं असेल याचा विचार कर. पुढे दोघांवरही सहा महिन्यांची बंदी आली. आणि खरं आधी बोलण्याचं ओझंही थोरल्यावर नाही, धाकट्यावर पडलं. मला हॅन्सीचा राग येतो तो इथे, पैशांपाशी नाही.

आता त्याच्या बाजूचं जे आहे तेही मोकळेपणाने लिहिते. १५ जूनच्या निवेदनात जे आलं त्यातलं बरंच दिल्लीच्या टेपमध्ये नव्हतं. १९९६ च्या कानपूर कसोटीच्या वेळी सट्टेबाज मुकेश गुप्ताकडून तीस हजार डॉलर घेतल्याचं त्याने सांगितलं. सेंच्युरियनची ती विचित्र कसोटी तुला आठवत असेल: जानेवारी २०००, पावसात दिवसच्या दिवस वाहून गेले, दोन्ही कप्तानांनी एकेक डाव सोडून दिला आणि इंग्लंड दोन गडी राखून जिंकलं. त्या वेळी जग म्हणालं, काय मोठ्या मनाचा कप्तान! त्या मोठ्या मनामागे एका सट्टेबाजाकडून घेतलेले पैसे आणि एक लेदर जाकीट होतं, हेही त्या निवेदनात आलं. पैशाचा मोह हाच आपला दोष, असं तो स्पष्ट म्हणाला. मग वकील शमीला बटोही यांनी त्याची उलटतपासणी घेतली आणि त्याने ती झेलली. (या बाई पुढे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय अभियोग विभागाच्या प्रमुख झाल्या.) आपल्याकडच्या सट्टेबाजीच्या प्रकरणात काय झालं? सीबीआयचा अहवाल आला, बंद्या आल्या, काही प्रकरणं वर्षानुवर्षं कोर्टात राहिली. पण नावाजलेला कप्तान दिवसामागून दिवस प्रश्नांना उत्तरं देत उभा आहे, असं दृश्य आपण पाहिलं नाही. तेवढं श्रेय त्याचं त्याला द्यायला हवं.

हे सगळं एका रांगेत ठेवलं की मला असं दिसतं: ९ एप्रिलला शून्य, ११ ला थोडं, १५ जूनला बरंच. कबुली हप्त्याहप्त्याने आली, आणि प्रत्येक हप्त्याआधी कुणीतरी दार वाजवलेलं होतं. कधी पोलिसांनी, कधी गिब्जने. आयोगाला खरं सांगितलं तर खटला भरणार नाही, हे आश्वासनही समोर होतंच.

यावर तू म्हणशील की आश्वासन मिळालं म्हणून बोललेलं ते खोटं का? अजिबात नाही. उलट इथे त्याच्याच देशाने आपल्याला एक माप देऊन ठेवलं आहे. डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखालचा ‘सत्य आणि सलोखा आयोग’ तुला आठवत असेल. त्याच्या सुनावण्या १९९६ ला सुरू झाल्या आणि माफीचे अर्ज ऐकणारी त्याची समिती २००० सालीही काम करत होती. तिथे वर्णद्वेषाच्या राजवटीत ज्यांनी छळ केला, खून पाडले, त्यांनाही माफी मिळण्याची सोय होती. अट काय? कृत्यामागे राजकीय हेतू असावा आणि सगळं संपूर्ण उघड करावं. पश्चात्ताप दाखवणं, माफी मागणं ही कायद्याची अट नव्हतीच! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले होते. माणूस मारला आणि ‘चुकलो’ सुद्धा म्हणायचं नाही? पण मग कळलं की ज्यांनी हा कायदा लिहिला ते फार शहाणे होते. मनात काय आहे हे कायद्याला तपासता येत नाही. सांगितलेलं खरं आहे का आणि पुरं आहे का, हे तपासता येतं. ज्या आईचा मुलगा नाहीसा झाला तिला समोरच्याच्या डोळ्यातल्या पाण्याचा उपयोग नव्हता, मुलाला कुठे पुरलं ते कळण्याचा होता.

क्रिकेटचा सामना आणि ते खून यांची बरोबरी मी करत नाही. पण माप तेच लावता येतं. खेळाडूची जाहीर माफी खरी आहे का हे विचारायचं असेल, तर पकडलं गेलं त्यापेक्षा त्याने जास्त सांगितलं का, हे बघायचं.

ऑस्ट्रेलियाचा कप्तान स्टीव्ह स्मिथला हे माप लावून बघ. गाव पुन्हा केपटाऊनच. २४ मार्च २०१८ ला न्यूलँड्सवर त्याच्या संघातला बॅनक्रॉफ्ट चेंडू खरवडताना कॅमेऱ्यात सापडला. संध्याकाळी तो आणि स्मिथ पत्रकारांपुढे बसले, चुकलो म्हणाले आणि त्याच बैठकीत चेंडूला लावलेली वस्तू चिकटपट्टी असल्याचं सांगितलं गेलं. तो सँडपेपर होता हे बोर्डाच्या चौकशीत बाहेर आलं. म्हणजे पहिल्याच माफीत एक खोटं होतं. पुढे २९ मार्चला सिडनी विमानतळावर, वडील शेजारी उभे असताना, स्मिथ इतका रडला की तू म्हणाला होतास, ‘पोराला आता सोडा.’ मला मात्र त्या रडण्यापेक्षा नंतरची गोष्ट जास्त भावली: वर्षभराच्या बंदीविरुद्ध तो अपिलात गेला नाही.

किंवा अमेरिकेची धावपटू मॅरियन जोन्स घे. ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या फेडरल कोर्टाच्या पायऱ्यांवर ती रडत रडत चाहत्यांची माफी मागत होती. पण उत्तेजक औषध आपण जवसाचं तेल समजून घेतलं, या म्हणण्याला ती चिकटून राहिली. सिडनी ऑलिंपिकची पाचही पदकं तिने परत केली, सहा महिन्यांची शिक्षाही झाली. पण तिच्याबरोबर रिले धावलेल्या बायकांची पदकंही गेली होती. ती परत मिळवायला त्यांना क्रीडा लवादापर्यंत जावं लागलं आणि २०१० मध्ये ती मिळाली. कॅमेऱ्यापुढची माफी देशाला आणि चाहत्यांना उद्देशून असते. खरी घेणेकरी मात्र शेजारच्या लेनमधली, त्याच ड्रेसिंग रूममधली माणसं असतात, आणि त्यांचं देणं त्या भाषणातून फिटत नाही.

पुन्हा हॅन्सीकडे येते. सैतानाच्या नादी लागून आपण हे केलं, असं म्हणत त्याने सैतानाला मध्ये आणलं म्हणून पुष्कळांनी त्याची टर उडवली. मी उडवणार नाही. तो मनापासून श्रद्धाळू होता आणि ती त्याच्या धर्माची भाषा होती. आपल्याकडेही देवापुढे स्वतःला पतित म्हणवून घेण्याची मोठी परंपरा आहे, संतांच्या तोंडी तर ती शोभते. पण देवापुढे पापी म्हणवून घेणं त्यामानाने सोपं असतं, कारण देव उलट प्रश्न विचारत नाही. ‘मी हर्शेलला पैसे देऊ केले, कारण तो मला नाही म्हणणार नाही हे मला ठाऊक होतं’ असं वाक्य बोलणं अवघड. तिथे सैतानाला जागा उरत नाही.

ऑक्टोबर २००० मध्ये बोर्डाने त्याला जन्मभर बंदी घातली. तिच्याविरुद्ध तो प्रिटोरियाच्या हायकोर्टात गेला आणि २००१ मध्ये हरला. यावरून त्याची माफी खोटी ठरते असं मी म्हणणार नाही. पोट सगळ्यांनाच आहे आणि कोर्टात जाणं हा हक्क आहे, हे मी नाही म्हणायचं तर कुणी? पण १ जून २००२ ला जॉर्जजवळच्या डोंगरात ते मालवाहू विमान कोसळलं, त्याआधी त्याला जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती. या काळात लोकांच्या कानावर त्याच्याकडून आलं ते मुख्यतः बंदी उठवण्याबद्दल. कुणी न विचारता आणखी एखादा हप्ता भरला असता, तर माझं मत वेगळं असतं.

मरण आल्यावर हिशेब बंद करावा असं तू म्हणतोस. त्याच्या देशाने तो केलाही. २००४ मध्ये लोकांनी मतं देऊन सर्वांत थोर दक्षिण आफ्रिकनांच्या यादीत त्याला अकरावा ठरवला. मला त्यात काही खटकत नाही. क्षमा करायला समोरच्याची माफी खरी असावी लागतेच असं नाही. आपण कित्येकांना प्रेमापोटी, थकून, किंवा तो माणूस आता नाही म्हणून सोडून देतो. पण तू दोन गोष्टी एकात मिसळतोस. मी त्याला माफ केलं, म्हणजे त्याने खरं मागितलं होतं, असं होत नाही. पहिलं तुझ्या हातात आहे, दुसरं कागदावर आहे.

माझा निकाल विचारशील तर असा: त्याची खंत खरी होती, माफी अपुरी होती. ही दोन्ही एकाच माणसात राहू शकतात. तुझ्या हॅन्सीला ढोंगी म्हणणारे मला पटत नाहीत, आणि त्याच्या अश्रूंवर पावती फाडून मोकळा होणारा तूही पटत नाहीस. पुढच्या वेळी कुठलाही खेळाडू कॅमेऱ्यापुढे उभा राहिला, की टीव्हीचा आवाज बंद कर आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचं निवेदन वाच. कालपर्यंत आपल्याला माहीत नव्हतं असं एक तरी वाक्य त्यात आहे का, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं नाव त्यात आहे का, एवढं बघ.

यावर तू भांडणारच. भांड, पण पत्राने. वहिनीला सांग, गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं असेल तर मी येऊन राहीन. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी