मुलाखत, रजा आणि माफी



'मुलाखत' हा शब्द तुम्ही नोकरीच्या संदर्भात ऐकला असेल, 'रजा' कार्यालयाच्या संदर्भात. आणि 'माफी' आपण चूक झाल्यावर मागतो. आपल्या शहराच्या उत्तरेस हर्सूल येथे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथे हेच तीन शब्द निराळ्या अर्थाने वावरतात. मुलाखत म्हणजे नातेवाइकांशी होणारी, मिनिटे मोजून मिळालेली भेट. रजा म्हणजे संचित किंवा अभिवचन रजेवर काही दिवस घरी जाणे. माफी म्हणजे शिक्षेतून वजा होणारे दिवस. ती वर्तनाने आणि कामाने मिळवावी लागते आणि तिचा हिशेब प्रत्येकाला तोंडपाठ असतो. 'बंदी' हा शब्द तर तेथे माणसालाही लागतो आणि सायंकाळी बराकींना कुलूप पडण्यालाही. अर्थपरिवर्तनाचे प्रकरण मी अनेक वर्षे शिकवत आलो. इतकी जिवंत उदाहरणे मला ग्रंथालयात मिळाली नव्हती.

काही वर्षे मी तेथील शिकणाऱ्या बंद्यांचे मराठीचे वर्ग घेत असे. हे कळले की बाहेरची माणसे खुर्ची जवळ ओढून बसत. खुनी पाहिला का, तो दिसतो कसा, अंडासेल खरेच अंड्यासारखा असतो का, चित्रपटात दाखवतात तशा टोळ्या असतात का? प्रश्न विचारणारे सुशिक्षित, सुस्वभावी असत. रात्रीचे जेवण किती वाजता मिळते, हे मात्र मला कोणीही विचारले नाही. ते दिवस मावळण्यापूर्वीच उरकते. मग बंदी होते, गिनती होते आणि पुढे रात्र उरते, फार लांब. कारागृहाविषयी सांगण्यासारखे मुख्य काही असेल, तर ते हेच. पण त्यात गोष्ट नाही, म्हणून ते ऐकायला कोणी थांबत नाही.

या कुतूहलात एक शब्द वारंवार येई : 'तसले लोक'. 'तसा' हे साधे विशेषण आहे. त्याचे 'तसला' झाले की एका 'ल'कारात तुच्छता येऊन बसते. आता ही बाब लक्षात घ्या. २०२२च्या अखेरीस देशातील कारागृहांत असलेल्या माणसांपैकी सुमारे ७५ टक्के न्यायाधीन होते, म्हणजे बोलीभाषेतले 'कच्चे कैदी'. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. 'तसले' म्हणताना आपण न्यायालयाच्याही पुढे धावतो.

कुतूहल वाईट असते असे नाही. २६ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहापासून राज्यात 'कारागृह पर्यटन' सुरू झाले. गांधीजी जेथे होते, १९३२चा पुणे करार जेथे झाला, ती जागा विद्यार्थ्यांनी पाहावी यात गैर काय? फक्त पाहणारा तासाभरात बाहेर येतो. रोज आत जाणारा शिपाई तसा येत नाही. त्याचेही आयुष्य गिनती आणि किल्ल्यांच्या जुडग्याभोवती फिरते. सण आले की त्याचीही पाळी आतच असते. त्याच्याविषयी तर कोणाला कुतूहलही नसते.

आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर तुम्हाला ठाऊक असेल. औंध संस्थानाने १९३९मध्ये तेथे भिंतीविना वसाहत उभारली. बंदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट केला. चित्रपट मोठाच आहे. पण पडद्यावरच्या जेलरला शेवटी उधळलेल्या बैलाशी झुंजून प्राण द्यावा लागतो. स्वतंत्रपुरातल्या माणसांना असे काही करावे लागले नाही. त्यांना पेरणी, पाणी आणि मुलांची शाळा पाहावी लागली. माझ्या मते अवघड तेच होते.

मराठीच्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. विनोबांची 'गीता प्रवचने' १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात रविवारी-रविवारी सांगितली गेली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. त्या पुस्तकात तुरुंग कोठे आहे? नाही. श्याम आपली कहाणी सांगतो ती आश्रमात, सायंकाळी, मित्रांना. लिहिणाऱ्याने कुलूप पडण्याच्या वेळी स्वतःसाठी मोकळी सायंकाळ निर्माण केली, असे मला वाटते. यावर समीक्षकांचे दुमत असू शकेल.

राज्यातील काही कारागृहांत मुक्त विद्यापीठांची अभ्यासकेंद्रे आहेत. म्हणजे तुमच्यापैकी कोणी हे पान कामावरून परतताना बसमध्ये वाचत असेल, कोणी स्वयंपाक आटोपल्यावर आणि कोणी बराकीत. परीक्षेची प्रश्नपत्रिका तिघांनाही एकच येते.

हर्सूलच्या वर्गाला मी एकदा 'एक दिवस' या विषयावर निबंध लिहायला सांगितले होते. मुलाखतीच्या दिवसावर पुष्कळांनी लिहिले. मागच्या रांगेतल्या एकाने मात्र आपल्या घरच्या पहाटेवर दीड पान लिहिले : आई उठते, चुलीला पोतेरे फिरवते, चहा ठेवते, गाईला हाक मारते. घर सुटून त्याला आठ वर्षे झाली होती आणि सर्व क्रियापदे वर्तमानकाळातली होती. व्याकरणदृष्ट्या तेथे रीती भूतकाळ हवा, 'उठत असे', 'ठेवत असे'. मी ऱ्हस्व-दीर्घाच्या चार खुणा केल्या, काळाला हात लावला नाही, आणि वही परत दिली.