परतीपुरती लांबी

रिसोडात पडलेला पाऊस अरबी समुद्राकडे जात नाही. ओढ्यानाल्यांनी तो पैनगंगेला मिळतो, पैनगंगा वर्धेला. वर्धा आणि वैनगंगा भेटून प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि मग सगळं पाणी बंगालच्या उपसागराला. मुंबईचा समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरांहून लांब, आणि आमच्या गावचं पाणी त्याच्याकडे पाठ करून निघतं. खारं पाणी पाहायचं तर लोणार गाठावं. ते उल्केच्या खड्ड्यात साचलेलं, त्याला ना भरती ना ओहोटी. अशा गावात, सोयाबीनच्या पोत्यांवरची धूळ अंगावर घेत, मी सध्या जुन्या वेगवान बोटी पाहतो आहे.

याला कारण भाचा. तो फ्लोरिडात टॅम्पाच्या बाजूला नोकरीला आहे. त्याच्याकडे २६ फुटी बोट आहे आणि आता त्याला तिच्याहून मोठी, ३५ ते ३८ फुटांची, खुल्या समुद्रात धावणारी बोट हवी आहे. नवीची किंमत ऐकून त्याच्या घरात शांतता पसरते, म्हणून जुनी. माझा जन्म जुने ट्रॅक्टर घेण्या-विकण्यात गेला, एवढ्या भांडवलावर त्यानं मला सल्लागार नेमलं. आमची जेवणं उरकली की तिकडे उजाडलेलं असतं. फोन वाजतो. पडद्यावर लांब नाकाची, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक देखणी वस्तू उभी असते.

"मामा, ही पाहा. कशी वाटते?"

"देखणी आहे. पण काऊन रे, आहे तिले काय झालं?"

"मामा, तिनं जाता येतं. येताना हाल होतात."

त्याचं हे उत्तर मला फार आवडलं. मेक्सिकोच्या आखातावर उन्हाळ्यातली सकाळ तव्यासारखी सपाट असते म्हणे. दुपारी जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो, कधी ढग गडगडतात आणि पाणी तीन-चार फूट उठू लागतं. लहान बोट प्रत्येक लाटेवर चढते आणि प्रत्येक खळग्यात आपटते. लांब बोट एका लाटेच्या माथ्यावरून दुसरीच्या माथ्यावर रेलते. मधला खळगा तिच्या पोटाखालून निघून जातो. सकाळी दोघींचा वेग सारखाच असू शकतो. फरक पडतो तो दुपारी, किनारा वीस मैल दूर असताना. मोठी बोट लोक वेगासाठी घेतात असं मला वाटायचं. भाच्याच्या बोलण्यावरून कळलं की वरचे दहा-बारा फूट परतीसाठी असतात.

बोटीच्या तळाचीही तीच गोष्ट. पूर्वीच्या वेगवान बोटी बऱ्याचशा चपट्या तळाच्या. शांत पाण्यावर सपासप, लाटेत मात्र बसणाऱ्याची हाडं मोजायच्या. रे हंट या अमेरिकी आखणीकारानं तळ नाकापासून थेट शेपटीपर्यंत खोल पाचरीसारखा ठेवला. १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला असताना डिक बर्ट्रामची ३१ फुटी ‘मॉपी’ याच तळावर पहिली आली आणि त्यानंतर खुल्या समुद्रातल्या वेगवान बोटींचा आकार जणू ठरूनच गेला. मागच्या टोकाला तळाचा उतार साधारण २४ अंश. अशी पाचर लाट चिरते, पण तिला पाण्यावर उचलायला ताकद जास्त लागते, म्हणून इंजिनं मोठी. मायामीच्या डॉन अॅरोनोनं याच धर्तीवर फॉर्म्युला, डोंझी, मॅग्नम आणि सिगरेट अशी एकामागून एक नावं उभी केली. त्याच्या बोटी शर्यतवाल्यांनी घेतल्या, श्रीमंतांनी घेतल्या, चोरटा माल वाहणाऱ्यांनीही घेतल्या. १९८७ च्या फेब्रुवारीत मायामीतच भररस्त्यात त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. जुनी बोट घेणारा माणूस हा इतिहासही थोडा विकत घेतो. आधी ती कोणाच्या हाती होती, हे विचारायला लाजू नये.

ट्रॅक्टरवाल्याला बोट का कळावी, तर दोघांचं वय किलोमीटरमध्ये धरत नाहीत, तासांत धरतात. आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की आधी वाकून तासांचा मीटर बघतं. मी मात्र इंजिनावर हात ठेवतो. गिऱ्हाईक यायच्या आधीच विकणाऱ्यानं ते गरम करून ठेवलं असेल, तर थंडीत ते सुरू व्हायला रडतं हे समजावं. नवा कोरा रंग दिसला की मला आनंद होत नाही. मूळचा उडालेला, चिखलानं घासलेला रंग खरं बोलतो. आणि सातबाऱ्यावर असतो तसा ट्रॅक्टरवरही बोजा असतो, तो उतरला की नाही हे कागदावर पाहायचं, तोंडावर विसंबायचं नाही. ही सगळी शहाणपणं भाच्याला मी फोनवरून सांगितली. त्यानं ती जशीच्या तशी बोटीला लावली, आणि ती लागली.

पण बोटीचं दुखणं आणखी खोल असतं. तिच्या काचतंतूच्या कातड्यात अनेकदा हलक्या लाकडाचा गाभा असतो. कोणीतरी एखादा स्क्रू बसवताना भोक नीट बंद केलं नाही, तर पाणी तिथून आत शिरतं आणि वर्षानुवर्षं गुपचूप लाकूड कुजवतं. बाहेरून चकाकी तशीच. म्हणून तपासनीस लहान हातोडीनं तळ, मागची भिंत, आतले आडवे-उभे वासे ठोकत जातो. टणक आवाज आला तर ठीक, मुका आवाज आला तर तिथे ओल. जोडीला ओल मोजायचं यंत्रही असतं. पण माझा जीव त्या हातोडीवर बसला. भाच्यानं एकदा फोन तपासनिसाच्या जवळ धरला आणि मी इथे, रिसोडात, अंधारात बसून एका परक्या बोटीच्या पोटाचा आवाज ऐकला. टक, टक, टक, आणि मागच्या कोपऱ्यात एकदम धप्प. ती बोट आम्ही तिथेच सोडली. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचीच होती.

इंजिनांच्या बाबतीत लोक कमी तासांना भुलतात. वीस वर्षांची बोट आणि मीटरवर जेमतेम दोनशे तास, असं ऐकलं की विकणाऱ्याचा चेहरा उजळतो आणि माझा पडतो. उभ्या राहिलेल्या बोटीत रबर वाळतं, टाकीतलं पेट्रोल सडतं, समुद्राचं पाणी थंडाव्यासाठी जिथून फिरतं त्या धुराच्या वाटा मिठानं आतून खाल्ल्या जातात. नियमानं चालवलेली, दर वेळी गोड्या पाण्यानं धुतलेली, पावत्या जपलेली चारशे तासांची बोट मी आधी घेईन. तरी हेही खरं की शर्यतीच्या जातीची ही इंजिनं ट्रॅक्टरसारखी हजारो तास ओढत नाहीत; काहीशे तासांत ती उघडावी लागतात. म्हणून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा, त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, पुढे बोलायलाच नको. नव्या इंजिनांच्या संगणकात तर कोणत्या फेऱ्यांवर किती तास चालवलं याची नोंदच असते. मालक म्हणतो, हळू चालवली. यंत्र सांगतं, सगळा काळ शेवटच्या टोकाला. आमच्या धंद्यात असं यंत्र असतं तर अर्ध्या ओळखी तुटल्या असत्या.

मोठी बोट म्हणजे सगळंच दुप्पट: दोन इंजिनं, दोन ड्राइव्ह, दोन पंखे, चार-पाच टन वजन आणि ते ओढायला दांडगी गाडी. पाचशे अश्वशक्तीची दोन इंजिनं पूर्ण जोरात तासाला तीनशे लिटरच्या पुढे पेट्रोल पितात. नांगरणीला तासाला पाच-सहा लिटर डिझेल गेलं तरी जीव वरखाली होणाऱ्या माणसाला हा आकडा दोनदा विचारावा लागला.

आपल्याकडे हा शौक अजून थोडक्यांचा. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर पी१ पॉवरबोटची शर्यत झाली, तेव्हा २८ फुटी, एकाच घडणीच्या पँथर बोटी लोकांनी कठड्यावरून पाहिल्या. गेट वे ते मांडवा स्पीडबोटी धावतात. मुंबईच्या दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांची इंजिनं विकायला पडलेली असतात. पण ज्या किनाऱ्यावर १९९३ मध्ये शेखाडीला स्फोटकं उतरली आणि २००८ मध्ये कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीपाशी हल्लेखोरांची रबरी बोट लागली, तिथे अनोळखी वेगवान बोटीकडे संशयानं पाहिलं जाणारच. त्यात कोणाला बोल लावावा असं मला वाटत नाही.

आणि वेगाचा दोष समुद्रावरही टाकता येत नाही. फॉर्म्युला वनचा शर्यतपटू दिदिये पिरोनी ऑगस्ट १९८७ मध्ये इंग्लंडजवळच्या शर्यतीत गेला. त्याची बोट एका तेलवाहू जहाजानं उठवलेल्या लाटेवर उधळली. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नौदलाच्या वेगवान बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. ती ताबा सुटून एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ माणसं गेली. त्या रात्री भाच्याचा फोन आला तेव्हा आम्ही बोटींबद्दल बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्याला म्हटलं, "चाचणी घेशील तेव्हा रहदारीपासून लांब घे. अन् ती इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधल्याशिवाय चावी फिरवू नको." चालवणारा फेकला गेला तर इंजिन थांबावं म्हणून ती दोरी असते, किंमत नगण्य, आणि बांधायचा कंटाळा सगळ्यांना.

आता यादीत दोन उरल्या आहेत. एक ठरवल्याहून मोठी, ४२ फुटी, दिमाखदार, स्वस्त, मालक बदलत आलेली. दुसरी ३५ फुटी, एका हातची, रंग उडालेली, पण पावत्यांची फाइल जाड. भाच्याचं मन पहिलीवर आहे, हे त्याच्या आवाजावरून कळतं. भाचेसून दुसरीच्या बाजूनं आहे, आणि मी तिच्या. जी सांभाळणं झेपत नाही ती मोठी बोट धक्क्यालाच बांधलेली राहते आणि बांधलेली बोट कशी सडते ते वर सांगितलंच. दुपारच्या लाटेतून घरी आणायला ३५ फूट पुरे आहेत.

कोणी वाचक अशा फंदात असेल तर त्याला एवढंच सांगतो: ज्या दिवशी वारा आहे, पाणी उठलेलं आहे, त्याच दिवशी चाचणीला जा. सपाट सकाळी दाखवलेल्या बोटीचा इसार देऊ नका.