तोंड फिरवून बसा

फाल्गुन सरत आला की वऱ्हाडातली वावरं उघडी पडतात. पऱ्हाटी उपटून नेलेली असते, हरभरा निघालेला असतो, काळी जमीन भेगाळायला लागते. डोळ्याला हिरवं असं फारसं काही उरत नाही. त्या दिवसांत धुऱ्यावरच्या कुंपणाच्या तारेवर वेडा राघू बसलेला असतो. पाठ हिरवीगार, डोक्यावर तांबूस सोनेरी झाक, गळा निळसर, त्याखाली बारीक काळी रेघ, आणि चोचीपासून डोळ्यातून मागे गेलेली काळी पट्टी. डोळा लालभडक. शेपटीच्या मधोमध दोन पिसं तारेसारखी बाहेर निघालेली. एवढे सगळे रंग पंधरा-वीस ग्रॅमच्या जिवावर.

मी अमरावतीत राहते. वडाळी आणि छत्री तलावाच्या वाटेवर, पोहऱ्याच्या रानात, अकोल्याला गेले तर कापशी तलावाकडच्या विजेच्या तारांवर, सगळीकडे तो भेटतो. पण त्याचा संसार पाहायचा असेल तर पूर्णेच्या खोऱ्यात उतरावं. पोहऱ्याच्या टेकड्यांत खाली मुरूम आणि काळा पाषाण. तिथे चोचीने बीळ कोरणं सोपं नाही. पूर्णेने मात्र इथे गाळाचे थरावर थर टाकून ठेवले आहेत. नाल्याने हे थर कापले की सरळ उभी दरड तयार होते. राघूला हेच हवं असतं.

माझं आजोळ दर्यापूर तालुक्यात, पूर्णेला मिळणाऱ्या एका नाल्याच्या काठी. एका एप्रिलमध्ये तिथल्या दरडीत मला राघूचं बीळ दिसलं. मनगट जेमतेम जाईल एवढं गोल तोंड, खाली सांडलेली ताजी भुसभुशीत माती. नर आणि मादी दिसायला सारखेच, आणि दोघंही खोदतात. चोचीने माती उकरायची, आत शिरून पायांनी मागे लोटायची. बीळ चार-पाच फूट आत जातं. शेवटी थोडी रुंद जागा असते. तिथे ना काडी, ना पीस. उघड्या मातीवरच पांढरीशुभ्र, गोलसर, चकाकती अंडी, बहुधा चार-पाच.

मी समोरच्या काठावर बाभळीच्या सावलीत दुर्बीण घेऊन बसले. राघू चोचीत चतुर घेऊन आला, जवळच्या वाळक्या काटकीवर बसला आणि तिथेच थांबला. आत जाईना. उडून चक्कर मारी, परत त्याच काटकीवर. चतुर चोचीत तसाच. जोडीदारही आला, तोही तसाच बसला. ऊन चढत गेलं. माझ्यामुळे आतली पिल्लं उपाशी राहतायत, एवढं कळत होतं.

नाल्यात शेळ्या घेऊन उतरलेली एक म्हातारी हे बघत होती. ती म्हणाली, “काऊन वं माय, तिच्या घराच्या तोंडाकडे डोये लावून बसली तं थे कशी येईन? तोंड फिरव तिकडे, मंग पाह्य.”

मी उठून नाल्याच्या वाकणापलीकडे गेले. बिळापासूनचं अंतर जवळपास पहिल्याइतकंच होतं, पण तिथून बिळाचं तोंड दिसत नव्हतं. दिसत होती फक्त ती काटकी. थोड्याच वेळात काटकी रिकामी झाली. राघू परत आला तेव्हा चोच मोकळी होती.

म्हातारीला हे कळायला शेळ्यांमागे घालवलेली हयात पुरली. विज्ञानाच्या भाषेत ते नोंदवलं गेलं २००२ साली, आणि मला याचा फार अभिमान वाटतो की ते काम मराठी मुलखातलं आहे. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ॲनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात वेड्या राघूवरचा अभ्यास छापला. बीळ दिसेल अशा जागी माणूस उभा केला तर राघू आत जायचं टाळतो. तेवढ्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी उभा केला तर तो कितीतरी जास्त वेळा आत जातो. म्हणजे समोर माणूस आहे एवढ्यावरच तो थांबत नाही. त्या माणसाला त्याच्या जागेवरून काय दिसतंय, याचा अंदाज त्याला असतो. दुसऱ्याच्या नजरेचा असा विचार माकडांना तरी करता येतो का, यावर शास्त्रज्ञांत वाद चालत आले आहेत. इथे तो एक चिमुकला पक्षी करतो. आणि त्याला ते करावंच लागतं, कारण घोरपड, साप, मुंगूस या सगळ्यांना ते बीळ हवंच असतं.

तेव्हापासून मी बिळाकडे बघत नाही, काटकीकडे बघते. आणि खरं सांगायचं तर बघण्यासारखं सगळं काटकीवरच घडतं. तो बसल्या जागेवरून सूर मारतो, हवेतच किडा धरतो, गिरकी घेऊन परत तिथेच. मधमाशी धरली असेल तर काटकीवर आपट-आपट आपटतो, मग तिचं मागचं टोक काटकीवर घासतो, डोळे मिटून. विष आणि नांगी अशी निकामी झाली की मग गिळतो. न पचलेलं कवच आणि पंख यांची गोळी करून तोंडावाटे टाकतो. त्या काटकीखालच्या गोळ्या मी कागदावर फोडून पाहिल्या. भुंगेऱ्यांच्या पाठीचे चकाकते तुकडे होते, मुंग्यांची डोकी होती, पारदर्शक पंख होते.

मधमाश्या पाळणाऱ्यांना तो आवडत नाही, आणि पेट्यांजवळ त्याचा थवा बसला तर त्यांचं नुकसान होतं हे खरंच आहे. पण तो गांधीलमाशीही खातो, भुंगेरे खातो, पतंग खातो. हरभऱ्यात घाटे अळीसाठी पक्षीथांबे लावा, असं कृषी विद्यापीठं सांगतात. अकोल्याकडच्या शिवारांतून जाताना मी ते थांबे निरखत असते. त्यावर कोतवाल आणि साळुंकी असतात तसा राघूही असतो. अळी वेचायला तो फारसा खाली उतरत नाही, ते काम साळुंकीचं. उडतं ते त्याचं.

माझी खरी काळजी वेगळी आहे. नाला खोलीकरणाची यंत्रं येतात ती एप्रिल-मेमध्ये, पावसाआधी. राघूची अंडी-पिल्लं मार्च ते जूनमधली. आमचा हा पट्टा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, म्हणून अडवलेल्या पावसाच्या पाण्याचं मोल इथे फार. नाला खोल करू नका असं मी म्हणूच शकत नाही, मामासमोर तर नाहीच. एका उन्हाळ्यात यंत्राने दरडीचा एक मोठा तुकडा बिळांसकट काढला. राघू दोन्ही काठांवरून दिवसभर ओरडत फिरत होते. पुढच्या वर्षी त्याच नाल्याच्या नव्याने कापलेल्या उभ्या काठात पुन्हा बिळं दिसली. कापलेली दरड त्यांना चालते, उलट हवीच असते. प्रश्न फक्त महिन्याचा आहे.

मामाने हे गावच्या बैठकीत मांडलं. पौष-माघात नाला बहुतेक कोरडाच असतो, तेव्हाच यंत्र लावू या, असं त्याचं म्हणणं. हरभरा उभा असतो, यंत्र वावरातून न्यायचं कसं, असं एकाने विचारलं, आणि ती अडचण खरी होती. मग असं ठरलं की ज्यांच्या धुऱ्यालगत पीक नाही तिथून माघात सुरुवात करायची, आणि पीक निघाल्यावर उरलेलं काम करायच्या आधी बिळांची दरड चुना टाकून आखून ठेवायची. आखायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी आता माझी मार्चमध्ये एक फेरी ठरलेली असते, आणि म्हातारी काठावरून सांगत असते कुठल्या वाकणाला यंदा नवं भोक पडलंय.