मिसळचा डोळा

मागच्या जुलैत इंदिरानगरमध्ये आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, एका स्कूटरखाली, मला मिसळ सापडली. काळा, केशरी, पांढरा सगळे रंग एकत्र, म्हणून मिसळ. नाशिकमध्ये दुसरं नाव सुचणार तरी कसं? नाक वाहत होतं आणि डावा डोळा चिपडांनी चिकटलेला.

मांजरांचा एक हर्पीस विषाणू असतो. माणसांना तो होत नाही, पण पिल्लांना सर्दी होते आणि डोळ्यांवर जखमा होतात. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी सरळ फ्रिज उघडला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेले ड्रॉप्स होते, ते दिवसातून तीनदा टाकले. दोन दिवसांत लाली उतरली. एरर दिसायची बंद झाली म्हणजे बग गेला, असं ऑफिसात कुणी म्हणालं तर मी हसते. इथे मी तेच केलं.

त्या ड्रॉप्समध्ये स्टेरॉइड होतं. त्याने सूज उतरते, पण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, जखम असेल तर ती भरत नाही आणि संसर्गाला मोकळं रान मिळतं. आठव्या दिवशी डोळ्यातून पाणी आणि रक्त आलं. कॉर्निया फुटला होता.

"दिसणं गेलंय," डॉक्टर म्हणाले. "दुखणं शिल्लक आहे. ते काढू या."

आई म्हणाली, "अगं, मुक्या जनावराचा डोळा काढायचा? कशी दिसेल ती?" खरं तर मलाही तेच वाटत होतं. रात्रभर मी तिच्या चेहऱ्याचा विचार करत होते, दुखण्याचा नाही.

पूर्ण भूल देऊन बुबुळासकट अख्खा डोळा काढला, पापण्यांच्या कडा कापल्या आणि पापण्या कायमच्या शिवल्या. गळ्यात प्लास्टिकची कॉलर. बाराव्या दिवशी टाके निघाले.

पण मला हललं ते त्याआधीच. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी मिसळ कॉलर आपटत माझ्या लॅपटॉपवर चढली आणि स्टँडअप चालू असताना कीबोर्डवर झोपली. आधी ती दिवसभर पलंगाखाली असायची. मी तिला लाजाळू समजत होते. मांजरं दुखणं लपवतात, आवाज करत नाहीत, नुसती कोपरा धरतात.

आता तिथे केस आलेत. उडी मारण्याआधी ती मान वरखाली करून अंतर जोखते. डावीकडून गेलं की दचकते, म्हणून मी आधी हाक मारते.

शेजारच्या काकू म्हणतात, "एका डोळ्याच्या मांजरीला सांभाळतेस, पुण्य लागेल गं तुला." मी हसते, ड्रॉप्सबद्दल बोलत नाही. म्हणून इथे लिहिलं. डॉक्टर डोळ्यात एक रंग टाकतात, जखम असेल तर ती हिरवी चमकते. पाच मिनिटांचं काम. ते होईपर्यंत फ्रिज उघडू नका.