पासबुक नसलेली ठेव

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातली माणसं. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे लोणारचं सरोवर. त्याला ना भरती ना ओहोटी. त्यामुळे समुद्र म्हटलं की मेहकरचा माणूस जरा हळवा होतो.

बारावीची परीक्षा संपली तशी लेक म्हणाली, "बाबा, वेळासला कासवं बघायला जाऊ." वेळास म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं, नाना फडणविसांचं मूळ गाव. फडणवीस म्हणजे हिशेब ठेवणारा, आमच्याच धंद्यातला माणूस! मी लगेच रजेचा अर्ज टाकला.

तिथे गावकरीच पाहुण्यांना आपापल्या घरी उतरवतात. मोदक इतक्या आग्रहाने वाढले, की किनाऱ्यावर मी कासवाच्याच चालीने पोचलो.

पूर्वी इथली अंडी माणसं उकरून नेत. उरलेली कुत्री आणि कोल्हे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गावाने ते आपलंसं केलं. आता गावातलीच माणसं किनारा धुंडाळून अंडी आणतात, कुंपणातल्या वाळूत पुरतात आणि वर तारखेची पाटी लावतात. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. म्हणजे चक्क मुदत ठेव! ठेवीदार बाई मात्र शंभरेक अंडी ठेवून, पासबुकही न मागता समुद्रात निघून गेलेली.

"यातली जगतात किती?" मी धंद्याचा प्रश्न विचारला.

"हजारात एखादं मोठं होतं म्हणतात," राखणदार म्हणाला.

मला घाम फुटला. एवढी बुडीत खाती दाखवली, तर आमच्या शाखेला कुलूपच लागेल! आणि हा माणूस रोज पहाटे उठून ती सांभाळतो.

सकाळी पिल्लं वाळूवर सोडली. तळहातात मावतील एवढी. दोन पावलं चालली की लाट त्यांना चार पावलं मागे आणून टाकी. आमच्या सौ.ला राहवेना. "अहो, उचलून टाका ना पाण्यात!"

"नाय वहिनी," राखणदार म्हणाला, "त्यांचं त्यांना चालू द्या. आपण फक्त कुत्री आणि कावळे हाकायचे."

लेक माझ्याकडे बघून हसली. का, ते मला ठाऊक होतं. जूनमध्ये ती पुण्याला कॉलेजात जाणार होती. तिला 'रुळवायला' म्हणून मी महिनाभराची रजा मागून ठेवली होती, आणि तिच्या वसतिगृहासमोरच एक खोलीही बघून ठेवली होती.

शेवटचं पिल्लू तीनदा मागे आलं. चौथ्यांदा लाट ओसरली तेव्हा ते नव्हतं. आम्ही तिघंही नुसत्या पाण्याकडे बघत बसलो.

मेहकरला परतल्यावर मी रजा महिन्याची दोन दिवसांवर आणली. आपणहून रजा कमी करणारा कारकून साहेबांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी घाईघाईने माझं कॅश मोजून घेतलं.