यथासंभव

रामकृष्णपुरम हे नाव दिल्लीत कोणी पुरते उच्चारीत नाही. टपालाच्या पत्त्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना ते आर. के. पुरम म्हणूनच ठाऊक आहे. १९८३ साली मी या वसाहतीतील सेक्टर तीनमधल्या एका सरकारी घरात राहावयास आलो आणि नोकरीची पुढची बहुतेक वर्षे याच वसाहतीत काढली. एकासारखी एक पिवळट घरे, जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या सायकली, हिवाळ्यात गच्चीवर वाळत टाकलेल्या रजया आणि एका बाजूला टेकडीवरचे मलाई मंदिर. सकाळी साडेआठला चार्टर्ड बस यावयाची. तिच्यात ठरलेल्या जागी ठरलेली माणसे बसत. त्यांतील कोण कोणत्या खात्यात आहे हे सर्वांना ठाऊक असे. कोण नेमके काय करतो हे मात्र सहसा कोणी विचारीत नसे.

मी काय करीत होतो हे सांगणे मलाही अवघड जाई. एका मंत्रालयाच्या विधीविषयक शाखेत माझ्याकडे मसुदे तपासण्याचे काम होते. सरकारी हिंदीत त्याला विधीक्षा म्हणतात. नियम, आदेश, अधिसूचना यांच्याबरोबर कधीकधी एक निराळ्या जातीचा कागद माझ्या मेजावर येई. एखाद्या शताब्दीची घोषणा, एखादा दिवस अमुक म्हणून पाळण्याचा संकल्प, एखाद्या सन्मानाच्या सनदेचा मजकूर. या कागदांनी कोणावर कर बसत नाही, कोणी तुरुंगात जात नाही. ते वाचले जातात, टाळ्या पडतात, राजपत्रात छापले जातात आणि विसरले जातात. मग ते वकिलाने कशासाठी वाचावयाचे, असे मला प्रारंभी वाटे.

उत्तर हळूहळू मिळत गेले. समारंभाचा कागद कायद्याच्या कागदापेक्षा अधिक निसरडा असतो. कायदा लिहिणारा भीत भीत लिहितो. समारंभाचा मजकूर लिहिणारा भरात लिहितो. शासनाने दिलेल्या वचनावर विसंबून एखाद्याने आपली स्थिती बदलली, तर शासनाला त्या वचनापासून सहजी माघार घेता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या खटल्यात १९७८च्या डिसेंबरात ठणकावून सांगितले. प्रकरण कानपूरच्या एका वनस्पती तुपाच्या कारखान्याला विक्रीकरात देऊ केलेल्या सवलतीचे होते. पण आमच्या शाखेत त्याची छाया प्रत्येक ‘करील’ आणि ‘देईल’ या क्रियापदावर पडत असे. मसुद्यात भविष्यकाळ दिसला की माझी पेन्सिल आपोआप थांबे.

एकच विशेषण केवढा घोळ घालू शकते हे तर साऱ्या देशाने पाहिले. २२ जानेवारी १९९२ रोजी राष्ट्रपतिभवनातून एक पत्रक निघाले. नेताजी सुभाषचंद्र बोस यांना भारतरत्न मरणोत्तर देण्यात येत असल्याचे त्यात म्हटले होते. ‘मरणोत्तर’ या शब्दाने नेताजींचा मृत्यू सरकारने गृहीत धरला, असा आक्षेप निघाला. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ४ ऑगस्ट १९९७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, सन्मान प्रत्यक्ष प्रदान झालेलाच नाही, तेव्हा ते पत्रक रद्द झाले असे मानावे. त्याआधी, १९९५च्या डिसेंबरात, याच न्यायालयाने बालाजी राघवन यांच्या प्रकरणात पद्म पुरस्कार म्हणजे संविधानाच्या अनुच्छेद १८ने वर्ज्य केलेले किताब नव्हेत, परंतु ते नावाच्या मागेपुढे लावता कामा नयेत, असे ठरविले होते. असे निर्णय आले की आम्ही त्यांची टिपणे करून ठेवीत असू. समारंभालाही व्याकरण असते आणि ते चुकले तर न्यायालयात जावे लागते, एवढे त्यातून कळले.

या साऱ्या सावधपणाची एक जुनी कुळकथा आहे. आपल्याकडे जो ‘राणीचा जाहीरनामा’ म्हणून ओळखला जातो, तो १ नोव्हेंबर १८५८ रोजी लॉर्ड कॅनिंग यांनी अलाहाबादेस वाचून दाखविला. त्याचा पहिला मसुदा राणीला पसंत पडला नव्हता. ऑगस्टमध्ये तिने पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांना लिहून कळविले की, रक्तरंजित युद्धानंतर कोट्यवधी प्रजेशी एक स्त्री बोलत आहे हे ध्यानात ठेवून, औदार्य, दया आणि धर्मभावना यांचा स्पर्श असलेला मजकूर त्यांनी स्वतः नव्याने लिहावा. मसुदा बदलला, भाषा मृदू झाली. कोणत्याही वंशाच्या अथवा पंथाच्या प्रजाजनास पात्रतेनुसार सरकारी चाकरीत घेतले जाईल, असे वचन त्यात आले. पण त्या वचनाच्या पोटात काही लहान शब्द ठेवले होते, त्यांचा अर्थ ‘शक्य होईल तेथवर’. दादाभाई नौरोजींनी आयुष्यभर त्या जाहीरनाम्यातील वचन इंग्रजांपुढे धरले. इंग्रजांनी आयुष्यभर त्या लहान शब्दांचा आडोसा घेतला. १८७८ साली व्हाइसरॉय लिटन यांनी तर एका गोपनीय टिपणात कबुलीच दिली की, कानाला दिलेले वचन प्रत्यक्षात मोडण्याचा आरोप आपल्याला नाकारता येणार नाही. मी हे सारे जाणत होतो, आणि तरी मीही तेच करीत होतो.

१९९७ साल स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे. त्या वर्षी एका समारंभी निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आला. १९६३च्या राजभाषा अधिनियमाप्रमाणे हिंदी व इंग्रजी असे दोन्ही मजकूर शेजारी शेजारी होते. त्यात एक वाक्य असे होते की, राष्ट्र आपल्या प्रत्येक स्वातंत्र्यसैनिकाच्या वृद्धापकाळाची काळजी वाहील. लिहिणाऱ्याचा हात चांगला होता. मी मात्र ते वाक्य माझ्या सवयीप्रमाणे वाचले. ‘प्रत्येक’ म्हणजे कोण, हे कोण ठरविणार? ‘काळजी’ म्हणजे किती रुपयांची? ‘वाहील’ म्हणजे कोणत्या दिवसापासून? १५ ऑगस्ट १९७२पासून केंद्राची निवृत्तिवेतन योजना चालू होती. तिच्यात सर्वसाधारणपणे सहा महिन्यांच्या कारावासाची अट होती, स्त्रियांसाठी ती तीन महिन्यांची. भूमिगतांसाठी वॉरंट, बक्षीस अथवा स्थानबद्धतेचा आदेश अशा कागदांचा पुरावा लागे. या अटी असताना ‘प्रत्येक’ हा शब्द सरकारला गोत्यात आणील, हे उघड होते. हिरव्या टिपणीपत्रावर मी चार ओळी लिहिल्या आणि हिंदी मजकुरात ‘यथासंभव’ हा शब्द घातला. नस्ती वर गेली, सह्या होऊन आली. काम झाले.

त्या हिवाळ्यात माझी आत्या दिल्लीला आली. माझे वडील तिचे धाकटे भाऊ. वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच आमच्याकडे येत होती. वय सत्तरीचे, पाठीत थोडा बाक आलेला, पण दृष्टी शाबूत. दुपारच्या उन्हात गच्चीवर चटई टाकून ती घरातला कोणताही छापील कागद वाचीत बसे. हिंदी तिला येत नसे, पण अक्षर आपलेच असल्याने ती अडखळत वाची आणि अर्थ लावी.

आमचे गाव कृष्णाकाठचे, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातले. १९४३पासून त्या भागात नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा आत्या सतरा वर्षांची होती. रानात लपलेल्या माणसांना रात्री भाकरी पोचविण्याचे काम तिच्याकडे आले. तिने ते मागितले नव्हते. घरात तेवढी चपळ तीच होती. उसाच्या फडातून, डोक्यावर पाटी घेऊन, कंदील न लावता ती जाई. एकदा पोलिसांनी घराची झडती घेतली, धान्याच्या कणग्या उपसल्या, आजोबांना चावडीवर नेऊन दिवसभर बसविले. आत्याला कोणी काही विचारले नाही. मुलीला काय विचारायचे, असे त्यांना वाटले असावे. म्हणूनच तिच्या नावाचा एकही कागद कोठे झाला नाही. १९७२ साली गावातील एका गृहस्थाला ताम्रपट मिळाला, तेव्हा ती सभेला जाऊन मागे बायकांत बसली होती. त्याच गृहस्थाला तिने महिनाभर भाकरी नेली होती. त्याचा तिला आनंदच होता. निवृत्तिवेतनासाठी अर्ज कर, असे वडील तिला एकदा म्हणाले. ‘काय म्हणून लिहू?’ एवढेच तिने विचारले. योजनेत भाकरी नेणाऱ्यांसाठी रकाना नव्हता.

त्या दुपारी तिच्या हाती ते छापील निवेदन लागले. मी घरी आणलेल्या प्रतींपैकी एक होती. थोड्या अभिमानाने मी तिला सांगितले की, हा कागद माझ्या हाताखालून गेला आहे. तिने बोट ठेवून ते वाक्य वाचले आणि विचारले,

‘यथासंभव म्हणजे काय रे?’

‘शक्यतोवर,’ मी म्हटले.

‘हे तू घातलंस?’

‘हो. नाहीतर सरकार अडचणीत येतं. सगळ्यांना देणं शक्य नसतं ना, आत्या.’

तिने कागद नीट घडी करून चटईवर ठेवला. वर तिचा चष्मा ठेवला, उडू नये म्हणून. मग म्हणाली, ‘आमी भाकरी देताना असं काय म्हटलं नव्हतं.’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने ते बाजारभाव सांगावा तसे सांगितले आणि पुढे शेजारच्या गच्चीवरल्या बाईने वाळत घातलेल्या वड्या कशाच्या, असे विचारले. मी उत्तर दिले. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी चुकलो होतो काय? कायद्याच्या दृष्टीने नाही, असे आजही वाटते. तिजोरीत तरतूद नसताना दिलेले वचन ही लबाडीच असते, आणि ती शब्दांनी उजळून निघत नाही. परंतु मी लबाडी काढून टाकली नव्हती. मी तिला कायदेशीर केले होते. वचनाचा गोडवा तसाच ठेवून त्याचे ओझे तेवढे मी उतरविले होते. टाळ्या पडाव्यात आणि देणे लागू नये, अशी सोय एका शब्दात केली होती. १८५८च्या त्या लहान शब्दांनी नेमके हेच केले होते. दोहोंत फरक एवढाच, की तो मसुदा परक्यांनी परक्यांसाठी केला होता, आणि हा मी माझ्या आत्यासाठी केला होता.

त्यानंतर मी ‘यथासंभव’ लिहिणे सोडले. समारंभी मसुद्यात वचन आले की टिपणीत लिहू लागलो: हे पाळावयाचे असल्यास तरतूद व पात्रतेच्या अटी दाखवाव्यात, अन्यथा वाक्य गाळावे. वरिष्ठांना हे रुचले नाही. ‘समारंभाच्या कागदाकडे अर्थसंकल्पासारखे पाहू नका,’ असे एकांनी सौम्यपणे सुचविले. त्यांचेही खोटे नव्हते. बहुतेक वेळा वाक्य गाळले गेले. तरतूद दाखविली गेल्याचे एकच प्रकरण मला आठवते, आणि तेही लहानसे. माझ्यामुळे सरकारी भाषा प्रामाणिक झाली असेल, पण ती अधिक कोरडीही झाली. आत्यासारख्यांना त्यातून काय मिळाले, असे कोणी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही.

न्यायालये मात्र आपल्या गतीने त्या दिशेला चालली होती. १९९३ साली मुकुंदलाल भंडारी यांच्या प्रकरणात, अर्ज उशिरा केला एवढ्यासाठी हे निवृत्तिवेतन नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. २००१ साली गुरदियालसिंग यांच्या प्रकरणात त्याने आणखी पुढे जाऊन म्हटले की, अशा दाव्यांत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये. संभाव्यता पाहून निर्णय करावा. तो निर्णय मी कार्यालयात वाचला तेव्हा आत्याला जाऊन दोन वर्षे झाली होती. ती असती तरी तिने अर्ज केला नसता, हे मला ठाऊक आहे. तरीही तो दिवसभर माझ्या मेजावर उघडाच पडून होता.

निवृत्तीनंतर घर सोडावे लागले, पण कधी दिल्लीत असलो की आर. के. पुरमला चक्कर मारतो. पश्चिम खंड ७वरून जातो. केंद्रीय हिंदी निदेशालय आणि वैज्ञानिक व तांत्रिक परिभाषेचा आयोग यांनी तेथे वर्षानुवर्षे शब्द पारखले. रिंग रोड ओलांडला की नेताजीनगर आणि नौरोजीनगर. एका विशेषणामुळे ज्यांचा सन्मान अडला ते, आणि एका पोटवाक्याशी जे जन्मभर झुंजले ते, असे दोघे तेथे शेजारी नांदत होते. २०१६ साली पुनर्विकासाचा निर्णय झाला आणि तेथली जुनी घरे पाडली गेली. झाडांसाठी २०१८ साली लोक रस्त्यावर उतरले. आता तेथे उंच इमारती आहेत.

त्या निवेदनाची ती प्रत माझ्याकडे अजून आहे. आत्याने घातलेली घडी तशीच आहे, आणि ती नेमकी त्या वाक्यावरून जाते. कागद उलगडला की आता तेथली अक्षरे पुसट झालेली दिसतात. ‘प्रत्येक’ हा शब्द जेमतेम वाचता येतो. ‘यथासंभव’ अजून स्पष्ट आहे.